गायमुख, तिसरा गिअर

आमच्या वॉचमनला विचारा. तो म्हणेल,
ती चंदेरी आल्टो? फणसेकरांची. दोन हजार नऊची.
मागच्या काचेवर शाळेचा अर्धा सोललेला स्टिकर,
डाव्या दारावर कोणीतरी किल्लीने ओढलेली रेघ.
बाकी काही नाही.

मला हेच हवं होतं.

गायमुखचा चढ आला की आमची एक रीत होती:
विद्याधर न बोलता एसी बंद करायचा,
मुलं काचा खाली घ्यायची,
मागचा ट्रेलर हॉर्नवर हात ठेवून यायचा,
आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये,
पाहुण्यांपुढे पाढे म्हणायला उभी केल्यासारखी,
अडखळत वर जायची.
पंधरा वर्षं.

वागळे इस्टेटला गॅस्केटच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते.
चार रुपयांची रिंग केवढा दाब धरून ठेवते
ते मला खुर्चीत बसल्या बसल्या कळलंय.
भिशीचा नंबर लागला तेव्हा
बाळकुमला हरेश्वर मढवीच्या गॅरेजात गेले, म्हटलं,
हिला चढ चढता आला पाहिजे.
आणि बघून कोणाला कळता कामा नये.

तो हसला नाही. हात पुसत म्हणाला,
"ताय, पयली थांबाला शिकवू, मंग पलवू."

म्हणून आधी ब्रेक पॅड.
ब्रेक ऑइल, जे चहाच्या रंगाचं झालं होतं.
मागचे शॉकअप.
मग भंगारवाल्याकडून एक इंच मोठी चाकं, जरा रुंद टायर,
वर माझ्या हट्टाने
मळक्या रंगाच्याच वाट्या.

डिकी रिकामी केली, ते फुकटात:
कुठल्याशा मुंजीतल्या स्टीलच्या डब्यांचा खोका,
विद्याधरचा डंबेल, एकच,
आणि भिजून वाळून पुन्हा भिजलेली रद्दी.
मढवीने सगळं काट्यावर ठेवलं. एकतीस किलो.
"एक पोर उगाच खांद्यावर घेऊन फिरत व्हती," म्हणाला.

पुढच्या महिन्यात तीन प्लग, बारीक टोकाचे.
जुन्याच डब्यात नवा एअर फिल्टर.
टॅपेट. थ्रॉटलची काजळी.
एक्झॉस्टचा पाइप दोन सूत जाड,
आवाज मात्र तोच, म्हाताऱ्या खोकल्याचा.

घरच्या वहीत मी लिहीत गेले:
पडद्याचं कापड. वर्षाच्या डाळी. डोळ्यांचे थेंब.
माझा ताळेबंद पहिल्यांदाच खोटा होता
आणि पैशापर्यंत जुळत होता.

एकदा जेवताना विद्याधर म्हणाला,
हल्ली पेट्रोल बरं येतंय वाटतं.
मी म्हटलं, असेल. भात वाढला.

मग मे महिन्यातल्या एका शनिवारी
जुन्या गाड्या घेणारा मुलगा आला. टाय, टॅब्लेट.
बॉनेट उघडलं, बंद केलं.
काही करून घेतलंय का गाडीत?
छे, विद्याधर म्हणाला, शोरूममधून आणली तशी आहे.
मुलाने आकडा सांगितला.
टायर आणि मढवीची मजुरी वजा केली
तर गाडी जवळजवळ आंदणच जात होती.

मी किल्ली उचलली.
वसईला आत्याकडे जायचंच होतं, म्हटलं, चल.
आत्ता? दुपारचे दोन वाजलेत.
आत्ताच.

कासारवडवली. ओवळा. उजवीकडे खाडी,
भरतीची, चकाकणारी. पुढे दुधाचा टँकर.
चढ लागला.
विद्याधरचा हात सवयीने बटणाकडे गेला.
राहू दे, मी म्हटलं.

हात तिथेच थांबला, गार झोतात,
मनगटावरचे केस हलत होते.
टँकर डावीकडे, मग मागे, मग आरशात.
वळणावर गाडी कलली नाही.
त्याने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि काही सुचलं नाही की करतो तसं
ग्लोव्हबॉक्स उघडून आत चाचपू लागला.

तिथे मढवीची पावती होती. मीच विसरलेली.
त्याने चष्मा वर सरकवला,
कागद डोळ्यांशी धरून पूर्ण वाचला.
प्लग तीन नग, बावीसशे पन्नास.
मी रस्त्याकडे बघत राहिले.

"म्हणजे," तो म्हणाला, "हे ते डोळ्यांचे थेंब."

आणि एसी एक आकडा वाढवला.